डिकीतलं कांद्याचं बी

१

उज्वला साळवेनं टपरीची फळी खाली पाडली आणि किल्ल्यांचा जुडगा खिळ्याला अडकवला, तोच एक पांढरी गाडी समोर येऊन थांबली. द्वारका चौकाजवळच्या त्या गॅरेजच्या गल्लीत दिवसाला पन्नास गाड्या येतात, पण ही तिच्या ओळखीची होती. परवा, खंडेनवमीला, तिनं याच गाडीच्या डिकीचं लॉक बदललं होतं. बॉनेटवर कालच्या दसऱ्याची झेंडूची माळ होती आणि निम्मी फुलं वाटेत सांडून आली होती.

गाडीतून अश्विन देवरे उतरला. सरकारी कचेरीतला कारकून, चाळिशीचा, कायम कडक इस्त्रीत असणारा माणूस. आज त्याच्या शर्टाला घड्यांपेक्षा सुरकुत्या जास्त होत्या.

"ताई, पिशवी परत द्या," तो म्हणाला. "मी पोलिसात जाणार नाही. फक्त पिशवी द्या."

"कसली पिशवी?"

"बियाची. मांजरपाटाची पांढरी पिशवी. गाडी तुमच्याकडं दिली तेव्हा डिकीत होती. काल दुपारी गावाला निघालो, सामान ठेवायला डिकी उघडली, तर पिशवी नाही."

मग त्यानं सांगितलं ते असं. पिशवीत तीन किलो कांद्याचं बी होतं, त्याच्या वडिलांचं. नामपूरकडचे गोटीराम आबा गेली तीस वर्षं दर हंगामात आपले सगळ्यात टिकाऊ कांदे निवडून ठेवत, ते पुन्हा लावत आणि त्यांचं बी धरत. हे बी बाजारात मिळत नाही. कांद्याचं बी एका वर्षापलीकडं उगवत नाही, म्हणून मागचं शिल्लक असून उपयोग नव्हता. यंदाचं होतं नव्हतं ते सगळं त्या एका पिशवीत, आणि आठ दिवसांत रोप टाकायलाच हवं होतं.

उज्वलानं शांतपणे ऐकून घेतलं. "दादा, लॉक बदलायला डिकी रिकामी करावी लागते. मी माझ्या हातानं केली. स्टेपनी, जॅक, छत्री आणि एक जुनी चादर. पिशवी नव्हती."

"तुम्ही असंच म्हणणार," अश्विन म्हणाला. त्यानं खिशातून एक चकचकीत किल्ली काढून फळीवर ठेवली. "नव्या लॉकबरोबर दोन किल्ल्या येतात, मी चौकशी केलीय. माझ्याकडं ही एकच आहे. दुसरी कुठं आहे?"

उज्वलाला आपण दोन्ही किल्ल्या तारेत ओवून त्याच्या हातावर ठेवल्याचं स्पष्ट आठवत होतं. पण ते बघायला तिसरं कुणी नव्हतं.

२

किल्लीवाल्याचा धंदा मोठा नाजूक. लोक आपल्या घराचं, गाडीचं, कपाटाचं तोंड त्याच्या हातात देतात, ते केवळ त्यानं दुसरी किल्ली स्वतःकडं ठेवलेली नाही या भरवशावर. उज्वलाच्या वडिलांनी याच टपरीत सत्तावीस वर्षं काढली. ते गेल्यावर लोक म्हणाले, बाई काय कुलपं उघडणार. त्या लोकांची कुलपं आता तीच उघडत होती. पण एकदा का 'ती किल्ली मागं ठेवते' असं झालं, की तिच्याकडं मोडकी पेटीसुद्धा कुणी आणणार नव्हतं.

आणि ते व्हायला सुरुवातही झाली होती. अश्विननं कालच आपल्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टपरीचं नाव घालून सगळी हकिगत लिहिली होती. तिथून ती आणखी कुठं कुठं गेली कोण जाणे. अकरा वाजेपर्यंत दोन गिऱ्हाइकं आपापली कुलपं दुरुस्तीविना परत घेऊन गेली. ज्याच्या गॅरेजच्या भिंतीला टपरी टेकलेली होती तो राजभाऊ मान खाली घालून म्हणाला, "उज्वलाताई, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण माझ्याकडं लोक गाड्या ठेवून जातात. उद्यापर्यंत काय ते मिटवा, नाहीतर टपरी दुसरीकडं न्यावी लागेल."

तिला राग आला, रडूही आलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. न उघडणारं कुलूप समोर आलं की तिला जेवण गोड लागत नसे, तसंच झालं. पिशवी होती म्हणतात, आणि तिनं उघडली तेव्हा नव्हती. मग गेली कधी?

ती स्टुलावर बसून परवाची सकाळ आठवू लागली. जुन्या लॉकचा खटका झिजला होता, किल्ली फिरायची पण डिकी धरायचीच नाही. म्हणून डिकी दोरीनं बांधलेली होती, हुकातून घेऊन खाली बंपरच्या कडीला. दोरी कधी कापायची नाही, सोडायची, ही वडिलांची शिस्त. तिनं टोक धरून ओढलं मात्र, सगळी गाठ एका झटक्यात सुटली. मग सामान काढलं, आतला पत्रा उघडला, जुनं लॉक उतरवलं, नवं बसवलं, दहादा लावून उघडून पाहिलं.

ती दोरी अजून टपरीत खिळ्यालाच होती. उज्वलानं ती घेतली, आपल्या पिशवीत टाकली, टपरीला कुलूप लावलं आणि देवऱ्यांचा पत्ता विचारत इंदिरानगरची रिक्षा पकडली. ज्याच्यावर आळ, तोच तपासाला निघाला होता.

३

अश्विननं दार उघडलं आणि तिला बघून त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, भांडायला आली.

"गाडी दाखवा," उज्वला म्हणाली. "मी लॉकला हात लावत नाही. नुसती बघते."

तळमजल्यावरचा फ्लॅट, समोरच अंगणात गाडी. काल गाडीची पूजा झाली होती. डिकीवर कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि किल्लीच्या भोकावर ओल्या कुंकवाचा जाड टिळा दिलेला होता. टिळा मधोमध फुटला होता.

"हा टिळा कुणी लावला?"

"मीच. नवं लॉक म्हणून. सकाळी आठला."

"आणि दुपारी किल्ली घातली तेव्हा?"

अश्विन विचारात पडला. "वाळून घट्ट झाला होता. किल्ली दाबावी लागली. सगळी लाल झाली, पुसून घ्यावी लागली."

"म्हणजे आठपासून दुपारपर्यंत या भोकात कुणी किल्ली घातलेली नाही. टिळा मोडल्याशिवाय ती जातच नाही."

अश्विनला हे पटलं, पण कारकुनाला एक मुद्दा पटला की तो लगेच दुसरा काढतो. "मग आदल्या संध्याकाळपासून सकाळी आठपर्यंत. दुसऱ्या किल्लीनं."

"कसली दुसरी किल्ली?" मागून आवाज आला. त्याची बायको राखी दारात उभी होती. ती शाळेत शिकवायची आणि एक प्रश्न दोनदा विचारायची तिला सवय होती. "अहो, कसली दुसरी किल्ली?"

"नव्या लॉकची. जी यांनी दिली नाही."

"ती देवघरात आहे की."

अश्विन तिच्याकडं बघतच राहिला. राखीनं दोघांनाही आत नेलं. देवघरापुढं पाटावर खंडेनवमीची पूजा तशीच मांडलेली होती. शिवणाची कात्री, विळी, अश्विनचा लॅपटॉप, सासऱ्यांची गावाकडून आणलेली खुरपी, आणि सगळ्यात शेवटी, हळदकुंकवाखाली आणि आपट्याच्या पानाखाली, एक चकचकीत किल्ली.

"परवा संध्याकाळी तुमच्या शर्टाच्या खिशातून दोन किल्ल्या निघाल्या," राखी म्हणाली. "म्हटलं, गाडीचं हत्यार म्हणून एक ठेवू पूजेला. मांडलेलं हत्यार विसर्जनापर्यंत उचलायचं नसतं. काल तुम्ही आरडाओरडा सुरू केलात, विसर्जन राहूनच गेलं. आणि मला कुणी विचारलं का किल्लीबद्दल? तुम्ही म्हणत होतात, किल्लीवालीनं चोरी केली. मला वाटलं, तिसरी असेल."

उज्वलानं वाकून बघितलं. हळदकुंकू किल्लीच्या दातांत वाळून बसलं होतं. तिला कुणी हात लावलेला नव्हता.

अश्विन ओशाळला. पण ओशाळलेला माणूस लगेच शहाणा होतो असं नाही. तो हळूच म्हणाला, "किल्लीचं माझं चुकलं, ताई. पण मग नवं लॉक लागल्यावर डिकी कुणीच उघडली नाही. म्हणजे पिशवी त्याच्या आधी गेली. आणि त्याच्या आधी दिवसभर गाडी तुमच्याकडंच होती."

किल्लीच्या आळातून सुटका झाली आणि उज्वला होती तिथंच येऊन उभी राहिली.

४

"गाडी माझ्याकडं येण्याआधी डिकी शेवटची कधी उघडली होती?" उज्वलानं विचारलं.

"रविवारी. मीच पिशवी आत ठेवली."

"चार दिवस आधीच?"

"दसऱ्याच्या गडबडीत विसरायला नको म्हणून," अश्विन म्हणाला, पण हे म्हणताना तो बायकोकडं बघत नव्हता.

"आणि दोरी कशी बांधलीत?"

"बांधली म्हणजे, गाठी मारल्या. चार-पाच. मला दुसरं काही येत नाही. दरवेळी सोडवताना नखं तुटायची. त्याच वैतागानं तर लॉक बदलायला आणलं."

राखीनं उज्वलाला चहासाठी स्वयंपाकघरात नेलं आणि दार अर्धवट लोटलं.

"ताई, तुम्हाला म्हणून सांगते. एका बियाणं कंपनीचा माणूस आहे, मनोज पगार म्हणून. त्याला आबांचं बी पाहिजे होतं. यांनी त्याला शब्द दिला. काल गावाला जाताना सटाण्याला थांबून अर्धी पिशवी द्यायची होती. आबांना सांगितलं नव्हतं."

"आबांना कळलं असेल?"

"फोन हॉलमध्ये चालायचे आणि आबांची खाट हॉलमध्येच. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून महिना झाला, ते इथंच आहेत. पण काही बोलले नाहीत बिचारे."

त्याच वेळी अश्विनचा फोन वाजला. तो मनोज पगारचाच होता. अर्धवट दारातून अश्विनचं गयावया ऐकू येत होतं. हो, नाही मिळाली. नाही हो, दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. फोनमधून मनोजचा चिडलेला आवाजही येत होता, कारण तो काल संध्याकाळपर्यंत सटाण्याच्या स्टॅंडवर उभा राहिला होता. उज्वलानं मनातल्या मनात मनोजच्या नावावर काट मारली. ज्याच्या घरात पिशवी आहे, तो असा चिडून फोन करून पिशवी मागत नाही.

"काल पिशवी गेल्याचं कळल्यावर घरात काय झालं?" तिनं विचारलं.

"काय होणार? हे जेवलेच नाहीत. मलाही घास गेला नाही. एकटे आबा जेवले. दोन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि झोपले." राखी हसली, मग तिलाच ते जरा विचित्र वाटलं असावं. "म्हातारं माणूस, धक्का उशिरा कळत असेल."

"आणि नवं लॉक बसवलं ते त्यांना कधी कळलं?"

"परवा संध्याकाळी, गाडी आल्यावर. मी म्हटलं, आबा, आता दोरीची कटकट गेली. तर म्हणाले, दोरीनं काय बिघडलं होतं?"

उज्वलानं चहाचा कप खाली ठेवला. कप अजून भरलेला होता.

५

गोटीराम आबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. अंगात बंडी, डोळ्याला दवाखान्यातला काळा चष्मा, आणि हात मांडीवर स्वस्थ. शेतकऱ्याचे हात असे रिकामे बघायची सवय नसते, म्हणून ते जास्तच मोठे दिसत होते.

"कोण शे?" पावलं ऐकून त्यांनी आपल्या गावाकडच्या बोलीत विचारलं.

"मी किल्लीवाली, आबा. उज्वला."

आबांचा चेहरा क्षणभर हलला. "बस, बेटी."

ती शेजारच्या पाटावर बसली. "आबा, ते बी कसं होतं? मला शेतीतलं काही कळत नाही."

हे विचारायला नको होतं असं त्यांना वाटलं असेल, पण मोह आवरला नाही. कांदा कसा निवडायचा, मान बारीक पाहिजे, रंग विटकरी पाहिजे, साठवणीच्या चाळीत सहा महिने पडून जो कोंब धरत नाही तोच बियाला ठेवायचा. बोलता बोलता म्हातारा खुलला. गावात कुणीही मागितलं तर ओंजळभर बी ते तसंच देत, फक्त पुढच्या वर्षी त्यानं दुसऱ्या कुणाला ओंजळभर द्यायचं एवढीच अट.

"जपावं कसं लागतं?"

"लहान लेकरावानी. ओल नको, ऊन नको. ऊन तर त्याले सोसतच नही."

"बंद गाडीच्या डिकीत चार दिवस राहिलं तर? या ऑक्टोबरच्या उन्हात?"

"मरी जाई," आबा चटकन बोलून गेले.

रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक गेली.

राखी आणि अश्विन दारात येऊन उभे होते. उज्वलानं पिशवीतून दोरी काढली. "दादा, गॅलरीच्या गजाला ही बांधून दाखवा. डिकी बांधायचात तशी."

अश्विननं वैतागून बांधली. एकावर एक पाच गाठी. उज्वलानं सोडवायचा प्रयत्न केला, त्यात तिचंही नख दुखावलं. शेवटी सोडवून झाल्यावर तिनं ती दोरी आबांच्या हातात दिली.

"आबा, तुम्ही बांधता का जरा?"

आबांनी दोरी घेतली. मान वर केली नाही, चष्म्यातून काही दिसत होतं असंही नाही. बोटांनी गज चाचपला, एक वेढा घेतला, दोरीचा फासा वाकवून आत सारला आणि ओढला. एवढं व्हायला श्वास घेण्याइतका वेळ लागला. कांद्याच्या गोण्यांची तोंडं ज्यांनी जन्मभर बांधली, त्यांना गाठ मारायला डोळे लागत नाहीत.

उज्वलानं टोक धरून ओढलं. सगळी गाठ एका झटक्यात सुटली.

६

"परवा माझ्याकडं गाडी आली, तेव्हा दोरी अशीच सुटली होती," उज्वला म्हणाली. "दादांनी रविवारी पाच गाठी मारल्या. म्हणजे त्यानंतर कुणीतरी त्या सोडवल्या आणि स्वतःच्या सवयीची गाठ मारून ठेवली. तीस वर्षं जपलेलं बी गेल्यावर कुणाच्या घशाखाली पुरणपोळी उतरत नाही, आबा. बी सुखरूप आहे हे माहीत असेल तरच उतरते."

"आबा?" अश्विन म्हणाला.

गोटीराम आबांनी चष्मा काढला. एक डोळा अजून लाल होता.

"बी मी काढं," ते म्हणाले. "सोमवारी. तू हाफिसात व्हतास, राखी शाळेत. मखमलाबादहून ती भागीबाई येते ना भाजी लिसन, तिच्याजवळ दिलं. तिच्या मळ्यात वाफे तयार व्हतेच. आता ते पिशवीत नही. मातीत शे. पाणीबी देऊन झालं. रोप झालं की आपल्या गावाला न्यायचं."

"मला सांगायचंत ना, आबा. मी तुमच्यासाठीच..."

"तू माले सांगं का?" आबा पहिल्यांदाच लेकाकडं वळले. "बी कोनालेबी द्याले मी नही म्हणत नही. सारा गाव लिसन जातो. पण मन्हं बी, अन् मालेच विचारं नही. खाटेवर पडून तुझे फोन ऐकू मी, अन् माले वाटे, आपण मरी गयात की काय."

अश्विननं मान खाली घातली. नुसत्या 'विचारून घेऊ' या एका वाक्याचं ओझं त्याला महिनाभर झालं होतं, आणि ते आता फार जड झालं होतं.

आबा पुढं बोलत राहिले. डिकी दोरीनं बांधलेली. रस्त्यानं जाणारा कुणीही पिशवी उचलून नेईल, कुणाचं नाव येणार नाही, चार दिवस हळहळतील आणि विसरतील, असा त्यांचा हिशोब होता. मधेच लॉक बदललं जाईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. बंद कुलपातून वस्तू गेली की किल्लीवालीकडंच बोट जातं, हे त्यांना कळलं तेव्हा उशीर झाला होता.

"उशीर कसा झाला?" उज्वलानं विचारलं, आणि आता मात्र तिचा राग बाहेर आला. "काल दादा माझं नाव घेऊन लिहीत होते, तेव्हा तुम्ही आत हॉलमध्येच होतात. तुम्ही ऐकलंत. तुमचं बी वाचलं, आबा. माझ्या बापाची टपरी उद्या उठणार होती."

"ऐकं मी," आबा म्हणाले. "तोंड उघडनं नही. लेकासमोर खोटं पडाले लाज वाटनी."

त्यांनी दुसरी सबब सांगितली नाही. अश्विननं तिथंच फोन काढला आणि ग्रुपवर माफी लिहायला घेतली. उज्वला उठली. "लिहा," ती म्हणाली. "पण आधीचं वाचलेले सगळे हे वाचतीलच असं नाही." आणि चपला घालून ती निघून आली. कोडं सुटलं होतं. एरवी असं अवघड कुलूप उघडलं की ती दिवसभर खूश असायची, आज तसं काहीच वाटत नव्हतं.

७

दुसऱ्या दिवशी नऊला ती टपरीवर आली, तर फळीजवळच्या स्टुलावर काळा चष्मा लावून गोटीराम आबा बसलेले. डोक्यावर धुतलेली टोपी, हातात काठी. इंदिरानगरहून रिक्षानं एकटे आले होते.

"आबा, इथं काय?"

"बसाले उनू."

"घरी माहीत आहे का?"

"कळी त्यास्ले," म्हणाले आणि काठी दोन्ही गुडघ्यांत धरून बसले.

जाणारा येणारा बघायचा. कुणी ओळखीचा थांबला आणि टपरीकडं बघून कुजबुजला, की आबा काठी आपटून त्याला बोलावत आणि सगळं पहिल्यापासून सांगत. पिशवी मी काढली. लपवली मी. या पोरीनं काही केलं नाही. पोरानं काय केलं होतं ते मात्र त्यांनी एकालाही सांगितलं नाही. राजभाऊ दोनदा ऐकून गेला, तिसऱ्यांदा आबांसाठी चहा घेऊन आला, आणि टपरी हलवायचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. बाराच्या सुमाराला अश्विन घाबराघुबरा शोधत आला. घरी चला म्हणाला. आबा हलले नाहीत. मग तोही शेजारी उभा राहिला आणि इस्त्रीच्या शर्टानं उन्हात घामाघूम होत, विचारणाऱ्या माणसांना आपली चूक आपल्या तोंडानं सांगू लागला. उज्वला कानस चालवत होती, पण तिचं अर्धं लक्ष त्या दोघांकडं होतं. कालचा राग कुठं गेला ते तिचं तिलाच सापडेना.

चारच्या सुमाराला एक अनोळखी माणूस आला. त्यानं टपरीची पाटी वाचली, थोडा घुटमळला आणि आबांना म्हणाला, "बाबा, तुम्ही यांचे कोण?"

"मी?" आबा म्हणाले. "मी हिचा चोर शे."

त्या माणसानं एकदा आबांकडं बघितलं, एकदा उज्वलाकडं. मग खांद्यावरची पिशवी उतरवली आणि आपल्या घराच्या दाराचं कुलूप काढून तिच्यापुढं ठेवलं.